ग्रंथ एकच, पण अर्थ कोणी सांगायचा?

एखादा ग्रंथ पवित्र आहे, एवढे सगळ्यांनी मान्य केले की वाद संपावा, असे आपल्याला वाटते. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात मात्र खरा वाद तेथून पुढेच सुरू झाला. बायबल हे ईश्वराचे वचन आहे, हे कॅथलिकही मानतात आणि प्रोटेस्टंटही मानतात. त्या वचनाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोप दुभंगला, आणि पाचशे वर्षे होऊन गेली तरी तो प्रश्न पुरता सुटलेला नाही.

प्रथम वर्षाला आम्हाला युरोपच्या इतिहासात धर्मसुधारणेचे प्रकरण होते. पोपच्या दरबारातील भ्रष्टाचार, क्षमापत्रांची विक्री आणि त्याविरुद्ध ल्यूथरचे बंड, असे तीन मुद्दे लिहिले की उत्तर पूर्ण होत असे. परंतु मला एक शंका राहून गेली. पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये पैसे घेऊन द्यावयाची क्षमापत्रे रद्द केली. भांडणाचे कारण क्षमापत्रे हेच असते, तर ते मग मिटायला हवे होते. ते मिटले नाही. तेव्हा मूळ कारण कोणते? या शंकेपायी ग्रंथालयात जी पुस्तके हाती लागली ती वाचली, आणि जे उमगले ते येथे सहाध्यायांपुढे व गुरुजनांपुढे मांडत आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे कोणाचा कैवार घेण्याचे मला कारण नाही. पण हा प्रश्न मला परका वाटला नाही. तसे का, ते ओघात येईलच.

वादाचा विषय बदलला

मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टिनियन संघातील संन्यासी आणि विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकविणारा प्राध्यापक. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने क्षमापत्रांविषयी पंचाण्णव मुद्दे मांडले. ते लॅटिनमध्ये होते, म्हणजे विद्वानांनी त्यांवर चर्चा करावी एवढाच त्यांचा रोख होता. पोपची सत्ताच उलथून टाकावी, असे त्यांत काही नव्हते.

दोन वर्षांनी, १५१९ मध्ये, लाइपझिग येथे योहान एक्क या पंडिताशी त्याचा जाहीर वादविवाद झाला. एक्क हा कसलेला वादपटू. त्याने ल्यूथरला यान हुसच्या नावावर आणून अडविले. हुस हा बोहेमियाचा धर्मोपदेशक. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने त्याला पाखंडी ठरविले आणि १४१५ मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. तुझी मते त्या हुससारखीच आहेत, असा एक्कचा पेच होता. ल्यूथरने शेवटी सांगून टाकले, की हुसची काही मते खऱ्या ख्रिस्ती धर्माला धरूनच होती. याचा सरळ अर्थ असा, की धर्मपरिषद चुकली होती. पोप चुकू शकतो, परिषदही चुकू शकते. मग न चुकणारे उरले काय? ल्यूथरचे उत्तर होते : फक्त शास्त्र. क्षमापत्रांचा वाद येथे मागे पडला आणि अधिकाराचा वाद सुरू झाला.

पुढच्या वर्षी जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत, रोमने स्वतःभोवती तीन भिंती उभारल्या आहेत, असे त्याने म्हटले. त्यांतील दुसरी भिंत म्हणजे, शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार एकट्या पोपचा, हा दावा. एप्रिल १५२१ मध्ये वर्म्स येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्याला आपली पुस्तके मागे घेण्यास फर्माविण्यात आले. शास्त्राच्या आधाराने किंवा स्पष्ट युक्तिवादाने माझी चूक दाखवून द्या, नाहीतर मी एक शब्दही मागे घेणार नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता.

त्यानंतर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असताना त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. सप्टेंबर १५२२ मध्ये ते छापून निघाले आणि डिसेंबरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली. संपूर्ण बायबल १५३४ मध्ये आले. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ल्यूथरपूर्वी जर्मन बायबल नव्हतेच असे नाही. स्ट्रासबुर्गच्या मेंटेलिनने १४६६ मध्येच ते छापले होते. नवीन होते ते दुसरेच. पुस्तक हाती देताना ल्यूथर वाचकाला सांगत होता, की याच्या आधारावर तू पोपलाही जाब विचारू शकतोस.

एकाच पुस्तकातील दोन कथा

नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत चाललेला असतो. फिलिप त्याला विचारतो, की वाचता ते समजते का? कोणी वाट दाखविल्यावाचून कसे समजणार, असे तो म्हणतो. मग फिलिप रथात त्याच्याशेजारी बसून अर्थ सांगतो. त्याच पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक भेटतात. पौलाने केलेला उपदेश ते आवडीने ऐकतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. पौल म्हणतो ते खरे आहे की नाही, हे ते रोज शास्त्र उघडून पडताळून पाहतात. आणि त्याबद्दल त्यांची तेथे स्तुती केलेली आहे.

कॅथलिक वादपटू पहिल्या कथेकडे बोट दाखवितात, प्रोटेस्टंट दुसरीकडे. दोन्ही कथा एकाच पुस्तकातल्या. मला वाटते, सगळा वाद या दोन कथांत सामावलेला आहे.

कॅथलिकांचे म्हणणे

उत्तर इटलीतील ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात, मधूनमधून खंड पडत, कॅथलिकांची धर्मपरिषद भरली. ८ एप्रिल १५४६ च्या बैठकीत तिने या प्रश्नाचा निर्णय दिला. तो थोडक्यात असा : प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा आणि लिखित शास्त्र या दोहोंना सारखाच मान द्यावा, आणि धर्मसभेने धरलेल्या अर्थाविरुद्ध किंवा प्राचीन धर्मपित्यांच्या एकमताविरुद्ध जाऊन कोणीही स्वतःच्या बुद्धीने शास्त्राचा अर्थ लावू नये. १५६४ च्या नियमाने तर लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी बिशपची किंवा धर्मन्यायाधीशाची लेखी परवानगी आवश्यक ठरली.

आज हे वाचताना आपल्याला राग येतो. पण त्यामागची विचारसरणी समजून घेतली पाहिजे. येशू ख्रिस्ताने स्वतः एकही पुस्तक लिहिले नाही. त्याने शिष्य गोळा केले. शिष्यांनी तोंडी उपदेश केला, मंडळ्या उभ्या केल्या, आणि त्या मंडळ्यांतूनच पुढे शुभवर्तमाने व पत्रे लिहिली गेली. म्हणजे नव्या करारापेक्षा धर्मसभा वयाने मोठी. शिवाय बायबलात कोणती पुस्तके घ्यावी, याची यादी बायबलात कोठेच नाही. ते काम धर्मसभेनेच केले. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील परिषदांनी अशी यादी मान्य केली. ग्रंथ कोणता हे जिने सांगितले, तिला त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार नाही, हे कसे? हा कॅथलिकांचा सवाल सहज उडवून लावता येण्यासारखा नाही.

आणि यादीचा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६. फरक आहे तो जुन्या करारातील ७ पुस्तकांचा. ल्यूथरने ती निराळी काढली. वाचावयास चांगली, पण शास्त्राच्या तोडीची नव्हेत, असे त्याचे मत. त्यांतल्याच मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. मरणानंतर आत्म्याची शुद्धी होते या कॅथलिक कल्पनेला त्याचा आधार दिला जातो, आणि क्षमापत्रांचा व्यवहार याच कल्पनेवर उभा होता. एखादे पुस्तक यादीत आहे की नाही, यावर केवढे सिद्धांत अवलंबून असतात ते यावरून दिसते.

प्रोटेस्टंटांचे म्हणणे

सोनार कस लावून सोने ओळखतो. म्हणून सोन्याला सोनेपण त्याने दिले असे होत नाही. प्रोटेस्टंटांचे उत्तर काहीसे या प्रकारचे आहे. धर्मसभेने ग्रंथ ओळखला, त्याला अधिकार बहाल केला नाही. जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिनचे म्हणणे असे, की शास्त्र खरे असल्याची साक्ष पवित्र आत्मा वाचकाच्या अंतःकरणातच देतो. त्याला बाहेरच्या शिक्क्याची गरज नाही.

एक उदाहरण घेऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १६ व्या अध्यायात, येशू पेत्राला सांगतो की या खडकावर मी आपली मंडळी उभारीन. पेत्र या नावाचाच अर्थ खडक. कॅथलिक म्हणतात, हा खडक म्हणजे पेत्र स्वतः, आणि रोमचे पोप हे त्याचे वारस. प्रोटेस्टंटांपैकी पुष्कळांनी, खडक म्हणजे पेत्राने नुकतीच बोलून दाखविलेली श्रद्धा, असा अर्थ केला. आता गंमत पाहा. पोपला अर्थ सांगण्याचा अधिकार कोठून आला? या वचनातून. या वचनाचा हाच अर्थ, हे कोणी ठरविले? पोपच्या धर्मसभेने. प्रोटेस्टंट येथे नेमके बोट ठेवतात. पण त्यांचीही अडचण फार वेगळी नाही. फक्त शास्त्रच प्रमाण, असे शास्त्रात कोठे लिहिले आहे? पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्र ईश्वरप्रेरित आणि उपयुक्त असल्याचे सांगितले आहे. ‘फक्त’ हा शब्द तेथे नाही. दोन्ही बाजूंची साखळी शेवटी स्वतःच्याच कडीत येऊन अडकते.

‘फक्त’ या शब्दावरून ल्यूथरच्या भाषांतराची गोष्ट सांगितली पाहिजे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने जर्मन करताना तेथे ‘केवळ’ विश्वासाने असा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. विरोधकांनी ओरड केली, तेव्हा १५३० मध्ये त्याने खुले पत्र लिहून समर्थन केले, की बोलणारा जर्मन माणूस असेच म्हणेल, आणि पौलाचा आशयही तोच आहे. उलट याकोबाच्या पत्रात, मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही, असे म्हटलेले आहे. आणि ते पत्र ल्यूथरला कधीच फारसे रुचले नाही. तात्पर्य, मधला धर्मगुरू दूर केला तरी भाषांतर करणारा मध्ये उरतोच.

तरीही प्रोटेस्टंट म्हणजे ज्याला वाटेल तो अर्थ, असे समजणे चुकीचे होईल. शास्त्राने शास्त्राचा अर्थ लावावा, अवघड वचन सोप्या वचनाच्या उजेडात वाचावे, हा त्यांचा नियम. इंग्लंडमध्ये १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धापत्रात तो मांडलेला आहे. तारणासाठी जे कळणे आवश्यक, ते शिकलेल्याला आणि न शिकलेल्यालाही उमगण्याइतके स्पष्ट आहे, असेही तेथे म्हटले आहे. ल्यूथरने १५२९ मध्ये सामान्य लोकांसाठी धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली. म्हणजे नुसते पुस्तक हाती देऊन भागत नाही, हे त्यालाही पटले होते.

दोघांनी मोजलेली किंमत

स्वतंत्र वाचनाची कसोटी प्रोटेस्टंटांच्या घरातच लागली. ऑक्टोबर १५२९ मध्ये हेसचा संस्थानाधिपती फिलिप याने ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली यांना मारबुर्ग येथे एकत्र आणले. दोघेही फक्त शास्त्र मानणारे. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले; पंधरावे अडले. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर घेऊन, हे माझे शरीर आहे, असे म्हटले. त्यातील ‘आहे’ हा शब्द जसाच्या तसा घ्यायचा, असे ल्यूथर म्हणे. त्याचा अर्थ ‘दर्शविते’ असा घ्यायचा, असे झ्विंग्ली म्हणे. ल्यूथरने ते वचन खडूने टेबलावर लिहून ठेवले होते, असे सांगतात. एका क्रियापदावर दोघे वेगळे झाले, आणि दोघांच्या मध्ये निवाडा करणारा कोणी नव्हता.

त्याआधी १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगन येथे आपल्या बारा मागण्या लिहून काढल्या. ख्रिस्ताने सर्वांनाच मुक्त केले असता आम्ही जमीनदारांचे गुलाम कसे, असे त्यांनी बायबलचे दाखले देऊन विचारले. एखादी मागणी शास्त्राविरुद्ध असल्याचे दाखवून दिल्यास ती सोडून देऊ, असेही त्यांनी लिहिले. वर्म्सला ल्यूथर जे बोलला, तेच आता शेतकरी बोलत होते. पण बंड पेटल्यावर ते निर्दयपणे मोडून काढा, असे ल्यूथरने सरदारांना लिहिले. हजारो शेतकरी मारले गेले. मी शेतकऱ्याच्या घरची आहे. हा भाग वाचताना पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले. वाचण्याचा अधिकार त्यांना दिला, पण वाचून त्यांना जो अर्थ सापडला तो नाकारला.

कॅथलिकांनीही किंमत मोजली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत यहोशवाच्या पुस्तकाशी जुळेना, कारण तेथे सूर्य थांबल्याचे वर्णन आहे. १६१५ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी फोस्कारिनी या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात ट्रेंटचाच नियम पुढे केला : धर्मपित्यांच्या एकमताविरुद्ध अर्थ लावता येत नाही. १६३३ मध्ये गॅलिलिओला आपले मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली. त्या काळच्या धर्मपंडितांची चूक झाली, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये मान्य केले. निवाडा करणारा एकच असला आणि तोच चुकला, तर दुरुस्तीला साडेतीनशे वर्षे लागू शकतात.

अंतर कमी झाले, मिटले नाही

१८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत जाहीर केला. त्याचा अर्थ पोप कधीच चुकत नाहीत असा मुळीच नाही. श्रद्धा व नीती यांविषयी, संपूर्ण धर्मसभेसाठी, आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने ते जो अंतिम निर्णय देतात तेवढ्यापुरताच तो आहे. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी, मरियेला सदेह स्वर्गात घेतले गेले, असा सिद्धांत याच अधिकाराने जाहीर केला. बायबलात या घटनेचे वर्णन नाही, आधार परंपरेचा. प्रोटेस्टंटांना हे मान्य होणे शक्यच नव्हते.

पण याच बाराव्या पायस यांनी १९४३ मध्ये आपल्या अभ्यासकांना मूळ हिब्रू व ग्रीक संहिता आणि त्या काळचा इतिहास यांच्या आधारे बायबल अभ्यासण्यास उत्तेजन दिले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले, की धर्मसभेचा अध्यापनाधिकार हा ईश्वरी वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे, आणि शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध झाले पाहिजे. १९६८ पासून दोन्ही बाजूंच्या संस्थांनी बायबलची भाषांतरे एकत्र बसून करण्याचे नियम ठरविले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी, मनुष्य नीतिमान कसा ठरतो, या जुन्या वादावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ‘केवळ’ शब्दाचे भांडण असे बरेच निवळले. शेवटचा शब्द कोणाचा, हे भांडण मात्र तसेच आहे.

मराठीत आलेला हा वाद

या वादाचे दोन किनारे आपल्या मराठीतही दिसतात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांत त्यांनी जुन्या व नव्या कराराची कथा सांगितली. हे भाषांतर नव्हे, पुराण आहे. शंका विचारणारे नवख्रिस्ती आणि उत्तर देणारा पाद्रीगुरू, अशी त्याची मांडणी. म्हणजे शास्त्र लोकांपर्यंत आले ते सांगणाऱ्याच्या मुखातून. उलट प्रोटेस्टंट विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करारच छापून काढला. एकाने पुराणिक पाठविला, दुसऱ्याने पोथी.

प्रश्न मला परका वाटला नाही तो येथेच. आमच्या गावी श्रावणात देवळात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि बायका एका बाजूला बसून ऐकतात. माझ्या आजीला अक्षर येत नाही, पण पोथीतला प्रसंग सांगू लागली की ती चुकत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. तीच पोथी मला घरी बसून वाचता येते, आणि कधीकधी मला लागलेला अर्थ देवळात सांगितलेल्या अर्थाहून वेगळा असतो. तो बोलून दाखविण्याचा अधिकार मला आहे काय? नुसते वाचता आले म्हणून तो मिळतो काय?

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हाच प्रश्न उभा राहिला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉण्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अँग्लिकन पंथ प्रोटेस्टंटांत मोडत असला, तरी वॉण्टेजच्या भगिनी त्यातल्या परंपरा मानणाऱ्या, कॅथलिक वळणाच्या. धर्मगुरूंचे म्हणणे रमाबाईंनी निमूटपणे मानावे, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाईंची भूमिका अशी, की हिंदुस्थानातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवून ठेवल्यावर तसलेच दुसरे जू मी मानेवर घेणार नाही. बायबल वाचून माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटेल तेच मानीन. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. सिस्टर जेराल्डिन यांची तळमळही त्यात खोटी वाटत नाही. एकट्या वाचणारीने वाट चुकू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

पण रमाबाई नुसते नाही म्हणून थांबल्या नाहीत. पुढे केडगावला मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून, सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत, त्यांनी एकटीने संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि मुक्तिसदनातील स्त्रियांनीच ते छापले.

मला या सगळ्या वाचनातून जे वाटते ते एवढेच. वाचण्याचा अधिकार एकदा हाती आला, की तो कोणाला परत करता येत नाही आणि करूही नये. बिरुयाच्या लोकांप्रमाणे पडताळून पाहणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु आपल्याआधी हजारो माणसांनी तोच ग्रंथ वाचून ठेवला आहे, त्यांचे ऐकून घेण्यात कमीपणा नाही. रथात फिलिपला जागा द्यावी, लगाम मात्र त्याच्या हाती देऊ नये. अर्थ सांगण्याचा अधिकार पदाने मिळतो की वाचनाने, याचा निकाल पोप आणि ल्यूथर यांच्यात लागला नाही, तो माझ्यासारख्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने काय लावावा! पण पन्नाशीच्या आसपास दोन नव्या भाषा शिकायला बसलेल्या रमाबाई पाहिल्या, की वाटते, तो अधिकार मागायच्या आधी एवढे कष्ट उपसायची आपली तयारी हवी.